वय थकवते की काम थकवते?

विद्यार्थी मित्रहो, एका कोड्याने सुरुवात करू. १९४७ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेत दोन मुले जन्मली. पहिला जॉनी बेंच, जन्म ७ डिसेंबरचा. दुसरा कार्लटन फिस्क, जन्म २६ डिसेंबरचा. दोघांच्या वयात अंतर अवघ्या एकोणीस दिवसांचे. पुढे दोघेही बेसबॉलचे नामांकित खेळाडू झाले आणि दोघांनीही मैदानावरची एकच जागा पत्करली, ती म्हणजे कॅचरची. बेंचने १९७० च्या हंगामात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ४५ होम रन काढले. होम रन म्हणजे आपल्या षट्काराचा थोरला भाऊ. पण १९८१ पासून, म्हणजे तेहेतिसाव्या वर्षीच, बेंचने कॅचरचे काम जवळजवळ सोडले आणि १९८३ मध्ये तो निवृत्त झाला. फिस्कने मात्र १९८५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ३७ होम रन काढले आणि १९९३ पर्यंत, पंचेचाळीस वर्षांचा होऊनही, तो कॅचरच्या जागेवर टिकून होता.

वय एकच, जागा एकच, खेळ एकच. मग एक लवकर का थकला आणि दुसरा उशिरा का?

बेसबॉलच्या जगात असे सर्वसाधारण मत आहे की कॅचरची फलंदाजी तिशी उलटली की इतरांपेक्षा लवकर उतरते. कारण विचारले तर बहुतेकजण दोन शब्दांत उत्तर देतात, ‘वय झाले’. माझे म्हणणे असे की हे उत्तर अपुरे आहे, आणि बरेचदा ते आपल्याला पुढचा विचार करू देत नाही. ते का, हे या लेखात पाहू. विषय खेळाचा असला तरी मुद्दा विज्ञानाचा आहे, आणि शेवटी तो तुमच्या शाळेच्या मैदानापर्यंत येऊन पोहोचणार आहे.

कॅचर करतो तरी काय?

बेसबॉल तुम्ही पाहिला नसेल, पण आपल्या राज्यात अनेक शाळांतून सॉफ्टबॉल खेळला जातो. त्यातला कॅचर तुमच्या ओळखीचा असेल. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर तो यष्टिरक्षक. मात्र एक मोठा फरक आहे. यष्टिरक्षक वेगवान गोलंदाजाला बराच मागे उभा राहतो आणि फलंदाजाने टोलवलेला किंवा अडवलेला चेंडू त्याच्याकडे येतच नाही. बेसबॉलचा कॅचर फलंदाजाच्या अगदी पाठीशी, उकिडवा बसलेला असतो, आणि पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू त्याच्या रोखाने येतो. एका सामन्यात एका संघाचे पिचर साधारणपणे १४० चेंडू टाकतात. म्हणजे कॅचरने १४० वेळा खाली बसायचे, आणि फलंदाजाने न टोलवलेला चेंडू घेऊन पुन्हा पिचरकडे फेकायचा. अमेरिकेतील मुख्य स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. त्यांतले १२० सामने जरी एका कॅचरच्या वाट्याला आले, तरी हिशेब १६,८०० बैठकांचा होतो. आपण भारतीय उकिडवे बसायला सरावलेले असतो, तरीही इतक्या बैठका, त्याही जड चिलखत अंगावर घालून, कोणाच्याही गुडघ्यांची परीक्षा पाहतील.

आता थोडे गणित करू. बेसबॉलचे वस्तुमान सुमारे १४५ ग्रॅम असते. चेंडू सेकंदाला ४० मीटर वेगाने, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर वेगाने आला असे धरा. हल्लीचे कितीतरी पिचर याहून जलद टाकतात. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येते ११६ जूल. बारा लिटर पाणी एक मीटर उंच उचलायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. ही ऊर्जा दर चेंडूला कॅचरच्या हाताने शोषून घ्यायची असते. चेंडू थांबेपर्यंत हात २० सेंटिमीटर मागे गेला, तर सरासरी बल होते ५८० न्यूटन, म्हणजे सुमारे ६० किलो वजनाइतके. पण चेंडू बॅटला निसटता लागून दिशा बदलून थेट कॅचरच्या मुखवट्यावर आदळला आणि समजा ४ सेंटिमीटरमध्येच थांबला, तर सरासरी बल २,९०० न्यूटन होते. क्षणभर का होईना, हे जवळजवळ ३०० किलो वजनाइतके झाले. मुखवटा हाड वाचवतो, पण मेंदूला बसणारा हादरा तो पूर्णपणे रोखू शकत नाही.

आता हाच खेळाडू थोड्या वेळाने बॅट घेऊन उभा राहतो. समोरून येणारा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात त्याच्यापर्यंत पोहोचतो. फटक्याची ताकद केवळ दंडातून येते असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ती पायांतून निघते, कमरेतून वळते आणि शेवटी हातांत येते. ज्याचे पाय तासभर उकिडवे बसून आंबले आहेत, ज्याच्या बोटांना ठेचा लागल्या आहेत, त्याची बॅट किंचित सावकाश फिरली तर नवल काय? आणि ०.४ सेकंदांच्या खेळात ‘किंचित’ म्हणजेच पुष्कळ.

दोन घड्याळे

आता कोड्याकडे परत जाऊ. बेंच आणि फिस्क यांचे वय सारखे होते हे खरे, पण १९८० चा हंगाम संपला तेव्हा बेंचने कॅचर म्हणून सुमारे १,७३० सामने खेळून झाले होते. फिस्कचे सामने होते ९९०. बेंचने १९६८ पासून सलग तेरा हंगाम, दरवर्षी शंभराहून अधिक सामन्यांत हे काम केले होते. फिस्कला नियमित जागा मिळाली ती १९७२ मध्ये, आणि १९७४ मध्ये गुडघ्याला मोठी दुखापत झाल्याने तो बरेच दिवस खेळापासून दूर राहिला. म्हणजे जन्मतारखेच्या घड्याळात दोघे बरोबरीचे असले, तरी कामाच्या घड्याळात बेंच फिस्कच्या सातशेहून अधिक सामने पुढे होता.

मोटारगाडीची झीज पाहताना आपण ती कोणत्या साली घेतली एवढेच विचारत नाही. ती किती किलोमीटर धावली हेही विचारतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण फक्त साल विचारतो.

येथे एक सावधगिरी हवी. दोन माणसांच्या तुलनेवरून नियम सिद्ध होत नाही. फिस्क मुळातच अधिक काटक असेल, त्याने शरीराची निगा अधिक राखली असेल. बेंच-फिस्क ही जोडी आपल्याला शंका घ्यायला शिकवते, निष्कर्ष काढून देत नाही. आणि वय अगदीच निरपराध आहे असेही मी म्हणत नाही. अमेरिकेतील बिल जेम्स या अभ्यासकाने १९८० च्या दशकात बेसबॉलच्या नोंदी तपासून दाखवले की फलंदाजांचा बहराचा काळ सत्तावीस वर्षांच्या आसपास असतो. म्हणजे जे कॅचर नाहीत त्यांनाही उतार आहेच. प्रश्न एवढाच की कॅचरचा उतार अधिक तीव्र दिसतो त्यात वय किती आणि काम किती.

काही वेळा तर वयाचा संबंधच नसतो. रे फॉसी हा क्लीव्हलँडचा कॅचर १९७० मध्ये तेवीस वर्षांचा होता. त्या हंगामाच्या पूर्वार्धात त्याने १६ होम रन काढले होते. १४ जुलै रोजी एका प्रदर्शनी सामन्यात धावत आलेला खेळाडू त्याच्यावर आदळला आणि त्याच्या डाव्या खांद्याचे हाड मोडले. हे मोडलेले हाड लगेच ध्यानातही आले नाही आणि फॉसी खेळत राहिला. त्या हंगामाच्या उत्तरार्धात त्याने अवघे दोन होम रन काढले आणि ती जुनी ताकद त्याच्या बॅटमध्ये पुन्हा आली नाही. तेविसाव्या वर्षी ‘वय झाले’ असे कोण म्हणेल?

सरासरीच्या आत काय दडते?

आता विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. ‘तिशीनंतर कॅचरांची सरासरी उतरते’ या विधानात ‘कॅचरांची’ म्हणजे नेमकी कोणाची?

एक काल्पनिक उदाहरण घ्या. बेसबॉलमध्ये फलंदाजाने दहा संधींत तीन वेळा यशस्वी फटका मारला तर त्याची सरासरी ०.३०० धरतात आणि ती उत्तम मानतात. समजा, अठ्ठावीस वर्षांचे पाच कॅचर आहेत. त्यांच्या सरासऱ्या ०.३००, ०.२८०, ०.२६०, ०.२४० आणि ०.२२० आहेत. पाचांची मिळून सरासरी ०.२६०. सहा वर्षे गेली. पहिल्याची फलंदाजी इतकी मोलाची की संघाने त्याला झिजू न देता फर्स्ट बेस या सोप्या जागी हलवले. दुसरा दुखापतीने निवृत्त झाला. उरलेल्या तिघांची फलंदाजी जशीच्या तशी आहे. त्या तिघांची सरासरी काढा. ती ०.२४० येते. एकाही खेळाडूची फलंदाजी उतरली नाही, तरी ‘कॅचरांची सरासरी’ मात्र उतरली!

आता उलट पाहू. समजा, पाचही जणांची फलंदाजी ०.०२० ने उतरली. ते झाले ०.२८०, ०.२६०, ०.२४०, ०.२२० आणि ०.२००. शेवटच्या दोघांना संघाने घरी पाठवले. उरलेल्या तिघांची सरासरी काढा. बरोबर ०.२६०, म्हणजे पूर्वीइतकीच! प्रत्येकजण उतरला, तरी सरासरीत उताराचा मागमूस नाही.

हा केवळ कागदावरचा खेळ समजू नका. योगी बेरा हा न्यूयॉर्क यांकीजचा कॅचर १९५१, १९५४ आणि १९५५ अशी तीन वर्षे आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्याला बरेचदा मैदानाच्या दूरच्या टोकाला खेळवले जाई. क्रेग बिजिओ १९८८ मध्ये कॅचर म्हणून आला. १९९२ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने त्याला सेकंड बेसवर नेले, आणि पुढे त्याने एकूण ३,०६० यशस्वी फटके मारले. तो कॅचरच राहिला असता तर एवढी मजल मारली असती का, हे कोणी सांगू शकत नाही. पण चाळिशीपर्यंत खेळलेला बिजिओ ‘वयस्क कॅचरां’च्या यादीत मोजला जात नाही, एवढे खरे.

याला निवडीचा दोष म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने विमानांच्या नुकसानीचा अभ्यास करताना हीच गोष्ट ध्यानात घेतली होती. परत आलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणा तेवढ्या मोजून भागत नाही. जी विमाने परत आलीच नाहीत, त्यांचाही विचार करावा लागतो. हाच वाल्ड १९५० मध्ये भारतात व्याख्यानांसाठी आला असता निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात मरण पावला, हा दैवाचा विचित्र योग.

जो मॉअरचे उदाहरण

आणखी दोन फसव्या वाटा आहेत. त्या समजण्यासाठी मिनेसोटाच्या जो मॉअरची कारकीर्द पाहू. २००९ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्याची सरासरी ०.३६५ होती. कॅचरच्या मानाने ही थक्क करणारी कामगिरी. त्यानंतर तो त्या उंचीवर कधी पोहोचला नाही. मग सव्विसाव्या वर्षीच त्याचा उतार सुरू झाला का? तसे म्हणता येत नाही. असामान्य वर्षात कौशल्याबरोबर नशीबही साथ देत असते. पुढच्या वर्षी कौशल्य तेच राहिले तरी नशीब नेहमीसारखे होते आणि आकडा खाली येतो. एखाद्या चाचणीत तुम्हाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले आणि पुढच्या चाचणीत ब्याण्णव, तर तुमची बुद्धी सहा गुणांनी घटली असे होत नाही.

दुसरी गोष्ट अशी की संपूर्ण खेळच बदलत असतो. २००९ मध्ये सर्व खेळाडूंची मिळून सरासरी ०.२६२ होती, २०१८ मध्ये ती ०.२४८ झाली. पिचर अधिक वेगवान झाले, डावपेच बदलले. त्यामुळे २०१८ मधील मॉअरची ०.२८२ ही सरासरी त्याच्या तरुणपणीच्या आकड्यांशी थेट ताडून पाहणे योग्य नाही. नदीची पातळी उतरली की सगळ्याच होड्या खाली येतात.

पण मॉअरची खरी गोष्ट पुढेच आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये बॅटला चाटून आलेला चेंडू त्याच्या मुखवट्यावर आदळला आणि मेंदूला हादरा बसला. त्या हंगामात त्याची सरासरी ०.३२४ होती. पुढच्या वर्षापासून त्याला फर्स्ट बेसवर नेण्यात आले, आणि २०१४ मध्ये सरासरी ०.२७७ झाली. म्हणजे अवघड काम सोडल्यावर बॅट सुधारायला हवी होती, ती उलट उतरली. यातून माझ्या म्हणण्याला बाध येतो का? काही अंशी येतो, आणि ते मान्य केले पाहिजे. मात्र त्यातून असाही अर्थ निघू शकतो की काम थांबवल्याने झालेली हानी आपोआप भरून येत नाही. विश्रांती वेळेवर द्यावी लागते.

वेळेवरच्या विश्रांतीचे एक बोलके उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या बस्टर पोझीचे आहे. २०१९ मध्ये त्याची सरासरी ०.२५७ होती आणि होम रन अवघे ७. ‘संपला’ असे कोणी म्हटले असते तर नवल नव्हते. २०२० च्या साथीच्या वर्षी तो खेळलाच नाही. २०२१ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो परतला. त्याला अधूनमधून विश्रांती देत ११३ सामने खेळवले गेले. सरासरी झाली ०.३०४, होम रन १८. एका वर्षात वय उलटे गेले नव्हते. थकवा तेवढा उतरला होता, असे मला वाटते. हेही एकच उदाहरण, हे मी विसरलेलो नाही.

क्रिकेटमध्येही असेच कोडे आहे. श्रीलंकेच्या कुमार संगकाराने ज्या ४८ कसोटी सामन्यांत यष्टिरक्षण केले, त्यांत त्याची सरासरी सुमारे ४० होती. उरलेल्या ८६ सामन्यांत ती सुमारे ६७ झाली. यावरून ‘यष्टिरक्षणामुळे २७ धावांचे नुकसान’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण थांबा. त्याने यष्टिरक्षण मुख्यतः कारकिर्दीच्या आरंभी केले. तेव्हा तो अननुभवी होता. मग फरक ग्लोव्ह उतरवल्याचा की अनुभव वाढल्याचा? बहुधा दोन्हींचा. हिशेब करताना दोन कारणे एकत्र मिसळली की ती वेगळी करणे हेच शास्त्राचे अवघड काम असते.

मग माझे मत काय?

कॅचरची बॅट थकते हे मला मान्य आहे. पण तिचे कारण जन्मतारखेत शोधून थांबणे मला मान्य नाही. वय हे असे कारण आहे की त्यावर कोणालाच काही करता येत नाही. म्हणूनच ते सांगणाऱ्याला सोयीचे असते. ‘वय झाले’ म्हटले की संघाची जबाबदारी संपली, नियम करणाऱ्यांची संपली, प्रशिक्षकाचीही संपली. ‘कामाने झिजला’ असे म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो, ते काम कमी कसे करता येईल?

हा प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तरेही मिळाली आहेत. २०११ मध्ये पोझीवर धावणारा खेळाडू आदळून त्याचा पाय मोडला. २०१४ मध्ये अशा मुद्दाम दिलेल्या धडकांना आळा घालणारा नियम आला. फॉसीचा खांदा मोडला तेव्हा ‘खेळ म्हटला की असे चालायचेच’ असे म्हणणारे पुष्कळ होते. जे चालायचेच म्हणून चव्वेचाळीस वर्षे चालू राहिले, ते एका नियमाने बदलले. जॉनी बेंचनेच एका हाताने चेंडू घेण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि त्यामुळे कॅचरचा उघडा हात पाठीमागे सुरक्षित राहू लागला. क्षेत्ररक्षण न करता केवळ फलंदाजी करण्याची मुभा अमेरिकन लीगने १९७३ मध्ये आणि नॅशनल लीगने २०२२ मध्ये दिली. तिचा उपयोग करून कॅचरच्या गुडघ्यांना एखाद्या दिवसाची सुट्टी देता येते.

आता शिक्षकांना एक विनंती. आंतरशालेय स्पर्धांत कधी कधी एका दिवसात दोन-दोन सामने होतात. संघातला जो मुलगा किंवा मुलगी चेंडू चांगला पकडते, तिलाच आपण प्रत्येक सामन्यात कॅचर करतो. मग तिच्या बॅटमधून धावा निघाल्या नाहीत की फलंदाजीच्या क्रमात तिला खाली ढकलतो. म्हणजे सर्वांत जड ओझे तिच्या डोक्यावर द्यायचे आणि ती सावकाश चालते म्हणून तिलाच बोल लावायचा. वाढत्या वयातल्या सांध्यांना तर अधिक जपायला हवे. अमेरिकेतील मुलांच्या लिटल लीग स्पर्धेत असा नियम आहे की ज्याने चार किंवा अधिक डाव कॅचरचे काम केले, त्याला त्या दिवशी पिचर म्हणून चेंडू टाकता येत नाही. आपणही संघात दोन-तीन कॅचर तयार करावेत आणि पाळीपाळीने बसवावेत. डोक्याला मार लागल्यावर ‘काही होत नाही, ऊठ’ असे न म्हणता त्या मुलाला बाहेर बसवून डॉक्टरांना दाखवावे. एका सामन्याचा पराभव यापेक्षा फार स्वस्त.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम. तुमच्या शाळेच्या सॉफ्टबॉल किंवा क्रिकेट संघाची धावांची वही मिळवा. कॅचर अथवा यष्टिरक्षक झालेल्या प्रत्येक खेळाडूसाठी दोन रकाने करा. एकात त्याने ते काम केलेल्या सामन्यांतील धावा लिहा, दुसऱ्यात न केलेल्या सामन्यांतील. तिसरा रकाना असा करा, की त्या दिवशी त्याने आधी किती चेंडू घेतले होते. वर्षभर नोंदी ठेवा. कोण संघातून गेले आणि का गेले, हेही लिहायला विसरू नका. नोंदी थोड्या असतील, तेव्हा निष्कर्षाची घाई करू नका. पण सरासरीचा एकच आकडा पाहून एखाद्यावर शिक्का मारण्यापूर्वी त्याने किती ओझे वाहिले हे विचारायची सवय तुम्हाला लागेल. ती सवय लागली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.